भेगेवरची काच

१९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ओढ्यावर धुकं होतं. नऊनंतर स्वच्छ ऊन पडलं. वारा नव्हता.

भादवडे गावाच्या बाहेर ओढ्यावर एक जुना दगडी पूल होता, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला एका खोलीत हैबती नावाचा माणूस एकटा राहत असे. तीस वर्षं तो रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, कडेच्या दगडांना चुना लावायचा, हे त्याचं काम. नोकरी संपली तरी खोली त्याच्याकडेच राहिली, कारण पुलावर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं आणि दुसरं कुणी तिथं राहायला तयार नव्हतं. बायको वारून आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खोलीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती. खिडकीला काचेची चार तावदानं होती. दाराबाहेर पाण्याचा रांजण होता.

पूल तीन कमानींचा आणि एका गाडीपुरता रुंद होता. मधोमध त्याला उंचवटा होता, त्यामुळे समोरून कोण येतंय ते दिसत नसे. म्हणून प्रत्येक गाडी हैबतीच्या दाराशी थांबे. फार वर्षांपूर्वी एका पुरात पूल अख्खा पाण्याखाली गेला होता. तेव्हा कुणीतरी हैबतीला ओरडून विचारलं होतं, पूल आहे का वाहून गेला? त्या दिवसापासून रीतच पडली. भर उन्हाळ्यात, ओढ्यात टिपूस नसतानासुद्धा, गाडीवाला मान बाहेर काढून विचारायचा, "मामा, पूल हाय का?"

हैबती कडेला जाऊन पलीकडचा रस्ता बघून म्हणायचा, "हाय. जावा."

मग कुणी रांजणातलं पाणी प्यायचं, कुणी तंबाखूची चिमूट द्यायचं, कुणी लग्नाची, भांडणाची, मयताची बातमी सांगायचं. एवढाच त्याचा शेजार होता. सगळ्यांत जास्त वेळ थांबायचा तो एसटीचा ड्रायव्हर मन्सूर मुलाणी. तो रोज आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र आणून द्यायचा आणि रोज नवा प्रश्न काढायचा.

"मामा, पूल हाय का इकून टाकला?"

"गिऱ्हाईक आलं हुतं. पन तुज्या गाडीसकट मागत हुतं. म्हटलं, नगं."

त्या मंगळवारी बांधकाम खात्याच्या शिरगुप्पे बाई आल्या. त्या तरुण अभियंता होत्या. शिडी लावून त्या मधल्या कमानीखाली चढल्या. तिथं दगडांच्या सांध्यातून एक भेग गेली होती. त्यांनी बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी काचेची पट्टी भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि तांबड्या रंगाने काचेवर तारीख घातली: १९-११.

खाली उतरून त्यांनी हैबतीला समजावलं, "मामा, काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी हलली तरी ही तुटणार. रोज सकाळी बघायचं आणि या वहीत लिहायचं. साबूत असेल तर साबूत, तुटली असेल तर तुटली."

"आन् तुटली तर, म्याडम?"

"तुटली तर त्याच दिवशी पूल बंद. उसाच्या ट्रॉल्या नाहीत, एसटी नाही. मग नवा पूल. त्याची जागा ठरलीय, वर सहाशे पावलांवर. तिथून रस्ता सरळ जातो."

हैबतीने वर पाहिलं. सहाशे पावलांवर शेतात पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. तिथून त्याच्या खोलीकडे यायला वाट नव्हती, आणि कुणाला तसं कामही पडलं नसतं.

"आन् न्हाई तुटली तर?"

"तर हा अजून तीन-चार वर्षं चालेल."

बाई गेल्या. हैबतीने वहीत पहिली ओळ लिहिली: साबूत.

उसाचा हंगाम सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसभर जायचे. रांजण दिवसातून दोनदा भरावा लागे. हैबती रोज सकाळी ओढ्यात उतरायचा. पाणी घोट्याएवढं होतं. शिडी लावायची, काच बघायची, चढावर येऊन वहीत ओळ लिहायची. असे तेवीस दिवस गेले.

१३ डिसेंबरला, शुक्रवारी, काच तुटलेली होती. चीर सरळ मधून गेली होती, बरोबर तारखेच्या दोन आकड्यांच्या मधून.

हैबती शिडीवर बराच वेळ उभा राहिला. वरून एक ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. सर्जेराव नावाच्या ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली, "मामा! खाली काय मासं धरताय व्हय? पूल हाय का?"

हैबतीच्या तोंडून रोजचा शब्द रोजच्यासारखा गेला. "हाय. जावा."

ट्रॅक्टर वरून गेला. कमानीतून बारीक माती त्याच्या टोपीवर पडली.

त्या दिवशी दुपारी त्याने खिडकीचं एक तावदान काढलं. काच कापायचं हत्यार त्याच्याकडे नव्हतं. त्याने तावदान गोणपाटात गुंडाळून हलक्या हाताने ठोकलं. पुष्कळ तुकडे वाया गेले. एक पट्टी कामाची निघाली. तिच्या कडा त्याने पायरीच्या दगडावर घासून सरळ केल्या. तुटकी काच काढून ही नवी सिमेंटने बसवली. दगडांना क्रमांक घालायचा तांबडा रंग त्याच्याकडे होताच. बाईंचा एक कसा होता आणि नऊ कसा होता ते डोळ्यांपुढे आणून त्याने काचेवर तारीख घातली: १९-११. मग वहीत लिहिलं: साबूत.

खिडकीला त्याने पुठ्ठा लावला.

ही काच नऊ दिवस टिकली. २२ तारखेला ती तुटली. हैबतीने दुसरं तावदान काढलं. त्या दिवशी रविवार होता, बाजाराचा दिवस होता. मन्सूरची एसटी भरून आली होती.

"मामा, खिडकीला पुठ्ठं काय लावलंय? आमचं त्वांड बघवंना व्हय?"

"थंडी वाजती."

"म्हंजे म्हातारं झालासा. पूल हाय का?"

"हाय. जावा."

एसटी जाईपर्यंत हैबती हात पाठीमागे धरून उभा होता. हाताला सिमेंट लागलेलं होतं.

तिसरी काच चार दिवस टिकली. २६ तारखेला त्याने तिसरं तावदान काढलं. आता खोलीत दिवसासुद्धा अंधार वाटायचा. रस्त्यावरून कोण गेलं ते फक्त आवाजावरून कळे. हैबतीला हिशेब समजत नव्हता असं नाही. चोवीस दिवस, नऊ दिवस, चार दिवस. पण तो मनाशी म्हणायचा, एवढा हंगाम जाऊ दे. दगडी काम आहे, एवढ्यात काय होतंय. आणि संध्याकाळी कुणी दाराशी थांबून हसलं की त्याला ते पटायचंही.

२७ तारखेला शिरगुप्पे बाई आल्या. त्या शिडीवर चढल्या, बॅटरी मारून काच पाहिली, तारीख पाहिली. काच बसवून एकच दिवस झाला होता. ती साबूत होती. बाईंनी वही वरपासून खालपर्यंत वाचली. एकोणचाळीस ओळी होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"मामा, तुमच्यासारखी नोंद आमच्या ऑफिसातसुद्धा कुणी ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "मला खरं तर या पुलाची भीती वाटत होती. आता मी निर्धास्त झाले. नव्या पुलाचं काम आम्ही पुढं ढकलतोय. ट्रॉल्या चालू राहू देत."

हैबतीला हवं होतं ते मिळालं. त्याने बाईंना चहा विचारला. त्या नको म्हणाल्या आणि गेल्या. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार. आकाश निरभ्र होतं, थंडी जास्त होती. सकाळी काच तुटलेली होती. तीन दिवस. या वेळी तिचा एक तुकडा खाली पाण्यात पडला होता आणि दुसरा वाकडा झाला होता. भेगेत आता हैबतीच्या करंगळीचं नख जात होतं.

तो खोलीत आला. त्याने चौथं तावदान काढलं आणि मांडीवर घेऊन बसला. गोणपाट पुढ्यात होतं. तावदान गुंडाळायला हात उचलेना. दिवसभर तो तसाच बसून होता. बाहेर ट्रॅक्टर थांबले, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मग ते आपापले निघून गेले. असे सहा ट्रॅक्टर गेले. प्रत्येक वेळी हैबतीने श्वास धरला आणि पलीकडे चाकं मातीत उतरल्याचा आवाज आल्यावर सोडला. वहीत त्याने काही लिहिलं नाही.

साडेपाचला बाजाराची एसटी आली. मन्सूरने हॉर्न दिला.

"मामा, पूल हाय का?"

मन्सूरने पुन्हा हॉर्न दिला.

"मामा! अवो, झोपलासा काय? पूल हाय का?"

कंडक्टर म्हणाला, "चल की मन्सूरभाई. समोरून कशाचा आवाज येत न्हाई."

"न्हाई. मामास्नी बोलू द्या."

मागून एक बाई ओरडली, "आरं बाबा, माज्या कोंबड्या गुदमारल्या पाटीत! पूल हाय की त्यो म्होरं. दिसतोय की आंधळ्याला!"

मन्सूर खाली उतरून दाराशी आला. आतल्या अंधारात त्याने हैबतीला पाहिलं. मांडीवर तावदान होतं.

"बरं न्हाई काय, मामा? एक डाव हाय म्हना, मी जातो. अकरा वरसं झाली, तुमी हाय म्हटल्याबिगर मी पुलावर चाक घातलं न्हाई. आज कसं घालू?"

हैबतीने तावदान जपून भिंतीला टेकवून ठेवलं. तो उठला. कोपऱ्यातून त्याने रस्त्याच्या कामावरचं तांबडं निशाण घेतलं. बाहेर आला आणि एसटीच्या पुढे, पुलाच्या तोंडाशी, रस्त्यावर मांडी घालून बसला.

"न्हाय," तो म्हणाला.

मन्सूर हसला. त्याला वाटलं, मामाने आज थट्टेत आपल्यावर मात केली. गाडीतही हशा पिकला. मग हैबतीचा चेहरा बघून मन्सूरचं हसू थांबलं. हैबती त्याला ओढ्यात घेऊन गेला आणि शिडी दाखवली. मन्सूर वर चढला. खाली आला तेव्हा तो रोजच्या आवाजात बोलत नव्हता.

"कवाधरनं?"

"तेरा तारखेपासनं."

मन्सूरने वर पुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गेल्या रविवारी माजी पोरगी हुती गाडीत." एवढं बोलून तो वर गेला.

एसटीतले एकसष्ट उतारू खाली उतरले आणि ओढ्यातून चालत पलीकडे गेले. पायताणं हातात, पाट्या डोक्यावर. कोंबडीवाल्या बाईने जाताना सुनावलं, "एवडीच पुलाची काळजी हुती, तर सकाळीच सांगायचं हुतं! माजं गुडगं गेलं थंड पान्यात." मन्सूरने रिकामी गाडी मागं घेतली आणि अठरा किलोमीटरच्या वळशाने नेली. जाताना त्याने हॉर्न दिला नाही.

सोमवारी शिरगुप्पे बाई आल्या. हैबतीने त्यांच्यापुढे वही ठेवली, आणि गोणपाट उलगडून तुटलेल्या चारही काचांचे तुकडे ओळीने मांडले. एक काच बाईंनी बसवलेली होती, तीन त्याने बसवलेल्या. चारांवरही एकच तारीख होती.

पहिली काच तेरा तारखेला तुटल्याचं ऐकून बाईंनी वहीकडे पाहिलं. "सोळा दिवस," त्या म्हणाल्या. "मामा, सोळा दिवसांत वरून किती माणसं गेली असतील?"

"मोजली न्हाईत, म्याडम. मोजली असती तर आदीच बोललो असतो."

"पण का केलंत असं?"

हैबतीने वरच्या शेतातल्या खुंट्यांकडे हात केला, मग रांजणाकडे केला.  बाईंना कळलं की नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. त्यांनी पेन दिलं. हैबतीने तेरा तारखेपासूनच्या सोळा ओळींवर एकेक रेघ मारली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं: तुटली. मग एकोणतीस तारखेची राहिलेली ओळही लिहिली. बाईंनी वही घेतली आणि कागदावर लिहून घेतलं की यापुढे नोंद ठेवायचं काम हैबतीकडे राहणार नाही.

त्याच दुपारी पुलाच्या दोन्ही तोंडांना मोठे दगड लावले.

आता ऊस अठरा किलोमीटरच्या फेऱ्याने जाऊ लागला. फडातला तोडलेला ऊस वाळू लागला. गावाने राग हैबतीवर काढला. बाजाराला चालत जाणारे लोक ओढा ओलांडताना त्याच्या खोलीकडे बघून मुद्दाम मोठ्याने बोलायचे.

"पूल तर हुबा हाय की अजून."

"कसला पडतोय! म्हाताऱ्याच्या डोक्यातलाच एक दगूड ढिला झालाय."

सर्जेराव तर दगडांशी ट्रॅक्टर आणून विचारायचा, "मामा, पूल पडला का? न्हाई? मग उद्या येतो." आणि वळवून घेऊन जायचा.  हैबती रोज सकाळी रांजण धुवायचा, भरायचा. पूर्वी दुपारपर्यंत रांजण तळाला जायचा. आता सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच असे. तो ते परड्यातल्या शेवग्याला घालायचा.

महिन्याभरात वर सहाशे पावलांवर ओढ्यात सिमेंटचे नळे टाकून कच्चा रस्ता झाला. गाड्या तिकडून जाऊ लागल्या. मग लोकांनी बोलायचंही सोडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. ऊन कडक होतं. जुना पूल उतरवायला आठ माणसांची टोळी आली. काहीजण बघायला जमले होते. त्यांत सर्जेरावही होता. मधल्या कमानीच्या माथ्यावरचा पहिला दगड काढण्यासाठी दोघांनी कडेला उभं राहून पहार घातली. पहार एकदाच दाबली गेली. दहा वाजून सात मिनिटांनी मधली कमान आपल्या आपण खाली बसली. दोघेही कडेच्या खांबावर होते, त्यांना काही झालं नाही. धुरळा खाली यायला बराच वेळ लागला. 

नंतर सर्जेराव एकटा हैबतीच्या दाराशी आला. रांजणावरचा तांब्या घेऊन त्याने पाणी भरलं आणि उभ्यानेच प्यायलं. तांब्या उपडा ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने हैबतीकडे पाहिलं.

"गार हाय पानी," तो म्हणाला.

"रांजण झरतोय चांगला," हैबती म्हणाला.

सर्जेराव गेला. त्याच्यानंतर कुणी आलं नाही. त्या बाजूला आता रस्ता उरला नव्हता.

नवा पूल पुढच्या वर्षी १४ मार्चला, शनिवारी सुरू झाला. लांबी छत्तीस मीटर, रुंदी दोन गाड्यांची. उंचवटा नाही. एका टोकावरून दुसरं टोक स्वच्छ दिसतं. पहिली एसटी मन्सूरने नेली. पुलाच्या तोंडाशी येताच त्याने गाडी थांबवली. समोरून काही येत नव्हतं. त्याने मान बाहेर काढून खालच्या अंगाला, हैबतीच्या खोलीकडे पाहिलं आणि हॉर्न दिला. सहाशे पावलांवरून शब्द ऐकू जाण्यासारखा नव्हता. हैबतीने दारात उभं राहून हात वर केला. मग एसटी पुढे गेली.

हैबती आत आला. खिडकीला तीन पुठ्ठे होते आणि चौथं तावदान त्याने परत बसवलेलं होतं. त्या एका काचेतून तो दिवस मावळेपर्यंत मोजत बसला. नव्या पुलावरून एकशे त्रेचाळीस गाड्या गेल्या. सगळ्या पलीकडे पोचल्या. हैबतीच्या दारावरून एकही गेली नाही.

तात्पर्य: आपल्या 'आहे' या शब्दावर जर लोक विसंबून पाऊल टाकत असतील, तर 'नाही' म्हणायची वेळ येईल त्याच दिवशी ते म्हणावं, मग आपल्या दाराशी पुन्हा कुणी थांबो वा न थांबो.